शून्यांची कॉफी

सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात चाळीस माणसं आणि एकेचाळीस मृतात्मे जमले होते. माणसं खुर्च्यांवर होती, मृतात्मे फोटोंच्या रूपानं त्यांच्या मांडीवर. एक जास्त होता, कारण त्सोंचोकाकांनी बायकोबरोबर सासूचाही फोटो आणला होता. ती तिकडे तरी गप्प बसते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

समोर भरतकाम केलेल्या कापडावर एक मेणबत्ती, एक संताची तसबीर आणि मध्ये जुन्या दातासारखा पिवळा पडलेला कॉम्प्युटर. त्याच्यामागे बंधू पान्तालेय. पाच वर्षांपूर्वी हाच माणूस आमच्या घरी विजेचं मीटर बघायला यायचा. कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतं आणि कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, हे त्याला तेव्हापासून ठाऊक. आता त्यानं दाढी वाढवली होती आणि आवाज एक पट्टी खाली आणला होता.

चमत्कार असा. बंधू मृताचं नाव विचारायचा आणि त्या नावाची नवी वही कॉम्प्युटरमध्ये उघडायचा. ती कोरी असल्याचं सर्वांना पडद्याजवळ बोलावून दाखवायचा. "बघा लेकरांनो, एक अक्षर नाही. आता ही वही मी त्यांच्यासाठी मोठी करतो." एक कळ दाबायची आणि दोन्ही हात वर करायचे, दरोडेखोरासमोर उभं राहिल्यासारखे. कोरी वही क्षणात पाचशे पानांची व्हायची, आणि ती पानं कोरी नसायची. आधी किडामुंगीसारखी चिन्हं यायची. "वाट खडतर आहे हो त्यांची," बंधू म्हणायचा. मग मध्येच शब्द. मग वाक्य. बल्गेरियन भाषेत, शुद्ध, विरामचिन्हांसकट.

बँकेतल्या कारकुनानं टेबलाखाली वाकून तारा तपासल्या होत्या. पाद्रीबाबांनी एकदा येऊन पाणी शिंपडलं. कॉम्प्युटर बिघडला नाही, हा आणखी एक पुरावा धरला गेला. बंधू पैसे घेत नसे. टेबलाखाली एक टोपली असायची, आणि परत जाताना तिच्यात राकियाच्या, म्हणजे फळांच्या घरगुती दारूच्या, बाटल्या आणि कोंबड्या असायच्या. हा मृतांचा प्रसाद.

मी हसले असते. पण पहिल्या रांगेत माझी आई, वेलिका, बसली होती.

बाबा फेब्रुवारीत गेले. आमच्या रीतीप्रमाणे चाळीस दिवसांनी दारावर त्यांच्या फोटोची मृत्युसूचना चिकटवली, तीन महिन्यांनी दुसरी. सहा महिन्यांची ऑगस्टात लावायची होती, ती आईनं लावली नाही. मी प्लोवदिवहून, जिथे मी छापखान्यात मुद्रितं तपासते, फोन करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तुझे बाबा अजून पुरते गेलेले नाहीत, ते लिहितात.

आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे. सोफियातल्या इस्पितळानं ऑपरेशनसाठी अठ्ठावीस सप्टेंबर ही तारीख दिली होती, आणि यापुढे लांबवू नका असं लेखी कळवलं होतं. आणि ऑगस्टात एका शनिवारी स्तामेन या बाबांच्या नावाच्या कोऱ्या वहीत शब्द उमटले होते: 'थांबू या. द्राक्षं उतरेपर्यंत थांबू या. ती घाबरली आहे.'

आईनं ते कागदावर उतरवून घेतलं होतं. मी गावी आल्यावर तिनं तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी तो दोनदा वाचला. कारण ते बाबाच होते. द्राक्षं उतरेपर्यंत. दुसरा कोणी 'ऑक्टोबरपर्यंत' म्हणाला असता. बाबांच्या कॅलेंडरात महिने नव्हतेच: चेरी पिकल्यावर, मिरच्या भाजताना, द्राक्षं उतरेपर्यंत. मीटर बघणाऱ्या माणसाला हे सुचलं नसतं.

भामट्याचं बोलणं खोटं पाडणं सोपं. खरं वाक्य खोटं कसं पाडायचं?

म्हणून त्या शनिवारी मी मागच्या रांगेत बसून बघत होते. एका विधवेच्या वहीत आलं: 'गुरुवार. घेवड्याचं सूप. भरलेल्या मिरच्या. फळांचं कोम्पोत माणशी एकच वाटी, वाद घालू नये.'

 बंधूनं डोळे मिटले. घेवडा म्हणजे बीज, तो सांगू लागला, बीज म्हणजे पुनर्जन्म. मिरची भरलेली, म्हणजे तुमचा नवरा तिकडे तृप्त आहे. आणि एकच वाटी, म्हणजे आत्मा एकच. विधवा रडली. मग तिनं विचारलं की ते वाद घालू नये म्हणालेत ते शेताच्या बांधावरून का. बंधू म्हणाला, अर्थात.

माझ्या शेजारी गिनाताई बसली होती. ती पूर्वी डबाबंद फळांच्या कारखान्यात, बाबांच्या हाताखाली, कॉम्प्युटरवर टायपिंग करायची; कारखाना बंद पडल्यापासून सभागृह झाडते. ती माझ्या कानाशी वाकली.

"रायना, मी मेलेय का गं?"

"का?"

"ते कोम्पोतचं मी लिहिलंय. कँटीनचा तक्ता. दर सोमवारी मीच टाइप करायची. वाद घालू नये हे माझंच, वेल्डिंगवाले दोन-दोन वाट्या उचलायचे म्हणून."

मी पहिल्यांदा बंधूऐवजी कॉम्प्युटरकडे नीट पाहिलं. त्याच्या उजव्या कुशीवर तपकिरी गोल डाग होता, कॉफीच्या तापल्या भांड्याच्या बुडाएवढा. तो डाग कारखान्यात, बाबांच्या टेबलावर, माझ्यासमोर पडला होता. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि बाबांनी मला हे आईला सांगू नकोस म्हटलं होतं.

गुरुवारी सकाळी गिनाताईकडे सभागृहाची किल्ली होती. तिनं मेणबत्ती बाजूला ठेवली आणि आम्ही मृतांच्या मशिनपुढे बसलो. बंधूचा चमत्कार म्हणजे अकरा ओळींचा प्रोग्राम निघाला. त्यातली कामाची एकच: पाचशेव्या पानाच्या शेवटी जा आणि तिथे एक टिंब ठेव. बस. मधली चारशे नव्व्याण्णव पानं आता आपोआप वहीची झाली. ती आधी कोणाची होती, हे कोणी विचारत नाही.

बाबा असते तर विचारलं असतं. ते म्हणायचे, डिस्क काही पुसत नाही, फक्त नोंदवहीतलं नाव खोडते. माल जिथल्या तिथे राहतो. म्हणून कुठल्याही फाइलला नवी जागा द्यायची तर ते आधी ती जागा शून्यांनी भरून काढायचे, एकाचा पगार दुसऱ्याच्या पानावर दिसू नये म्हणून. त्या काळच्या डिस्कला याला चाळीस मिनिटं लागत.

"शून्यांची कॉफी," गिनाताई म्हणाली. "रोज सकाळी इंजिनिअरसाहेब, तुझे बाबा, शून्यं भरायला लावायचे आणि आम्ही पोरी कॉफी घ्यायचो. शेवटच्या वर्षी संचालकांनी ते बंद करायला लावलं, वेळ वाया जातो म्हणून. कॉफी गेली आणि लगेच पगाराचे घोळ सुरू झाले."

त्या शेवटच्या वर्षाचा केर तसाच राहिला. कारखाना मोडीत निघाला, मशीन लिलावात गेलं आणि पान्तालेयच्या हाती लागलं. त्यालाही ते बहुधा अपघातानंच कळलं असावं. पण एवढं त्याला पक्कं कळलं होतं की चमत्कार याच पेटीत होतो: गिनाताईच्या बहिणीनं नातवाच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर आत्मा बोलवा म्हटल्यावर तो म्हणाला होता, नव्या पेटीला अजून आत्मस्पर्श नाही.

आम्ही पानं उलटत गेलो. मिरच्यांचे हिशेब, तीन कँटीन तक्ते, कोणाची तरी रजा. आणि बाबांचं पत्र. मला लिहिलेलं, तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टातलं. एकदा नव्हे, तीनदा.

त्यांची ती सवय होती. वीज दोन तास असायची आणि दोन तास जायची, त्या वर्षांत जडलेली. लिहिलेल्यावर ते कधी लिहीत नसत. बदल करायचा तर नवी प्रत दुसऱ्या जागी उतरवायची, ती पूर्ण झाली की नोंदवहीतला बाण तिकडे वळवायचा आणि मगच जुनी सोडायची. मध्येच वीज गेली तरी जुनं तरी शाबूत. त्यांचा स्वतःचा लेखनाचा प्रोग्रामही तसाच चालायचा. त्यामुळे त्यांनी सोडून दिलेला प्रत्येक विचार तिथे शिल्लक होता.

पहिल्या प्रतीत होतं: 'तुझ्या आईच्या झडपेत दोष आहे. डॉक्टर म्हणतात घाई नाही. थांबू या. द्राक्षं उतरेपर्यंत थांबू या. ती घाबरली आहे.' दुसरीत: 'थांबावं का? तुला काय वाटतं?' तिसरीत झडप नव्हतीच. ते पत्र मला आलं होतं, माझ्याकडे अजून आहे: आई बरी आहे, द्राक्षं यंदा छान, तू कधी येतेस.

गिनाताईनं बराच वेळ रुमाल शोधला, तिच्याच हातात होता तो. मी तिन्ही प्रती कागदावर उतरवून घेतल्या.

मग ती म्हणाली, "आता एक लिही. वेलिका, जा. ऑपरेशन करून घे. खाली स्तामेन. आणि पुसून टाक, म्हणजे शनिवारी वर येईल. तुझी आई डोळे मिटून सोफियाला जाईल. कोणाचं काय बिघडतं?"

मी लिहिलं. जपून ठेवलं. वाचलं. मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलंय, त्या दोन ओळींत एकही चूक नव्हती. आणि मला माझीच लाज वाटली. बंधूची दाढी माझ्या हनुवटीला फुटल्यासारखी वाटली. मी ते पुसलं आणि घरी आले.

पुसलं. बाबांची मुलगी असून. अर्ध्या रस्त्यात माझ्या ध्यानात आलं की मी काय केलं आहे. परत जाऊन सगळी मोकळी जागा शून्यांनी धुवायची, तर बाबांचाही शब्द न् शब्द धुतला जाणार होता. मी परत गेले नाही. पाचशे पानांत दोन ओळी, मी स्वतःला म्हणाले, कशाला नेमक्या वर येतील.

शनिवारी त्सोंचोकाकांची पाळी पहिली. बंधूनं देना या त्यांच्या दिवंगत बायकोची वही उघडली, मोठी केली, हात वर केले आणि गंभीर आवाजात वाचू लागला: 'माननीय संचालक, आपल्या निदर्शनास आणणं मी कर्तव्य समजतो की इंजिनिअर स्तामेन यांच्या विभागातील महिला रोज सकाळी चाळीस मिनिटं कॉफी पितात. यंत्र शून्यं भरत आहे अशी सबब सांगितली जाते. शून्य म्हणजे काहीच नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. काहीच नाही भरायला चाळीस मिनिटं कशी लागतात याची चौकशी व्हावी. आपला, त्सो. मिनेव्ह, कामगार संघटना सचिव.'

सही वाचेपर्यंत बंधूचा आवाज एक पट्टी वर गेला होता. सगळ्यांनी त्सो. मिनेव्ह यांच्याकडे पाहिलं. ते जिवंत होते. त्यांच्या हातात चीज भरलेल्या पापुद्र्यांची बानित्सा होती.

"तक्रार निनावी होती," त्सोंचोकाका म्हणाले. "म्हणजे, असं ठरलं होतं."

"पाठवलेल्या प्रतीवरची सही काढलीत, काका," गिनाताई मागून म्हणाली. "टाइप तर माझ्याकडूनच करून घेतलीत ना. आणि हो, प्यायचो आम्ही."

हशा पिकला. सासूचा फोटो खाली पडला. बंधू घाईनं सांगू लागला की जिवंत माणसाचा आत्माही झोपेत भटकतो. काका म्हणाले, मी दुपारीसुद्धा झोपत नाही. बाजी हातची जातेय हे बंधूला कळलं, आणि त्यानं आपल्या हुकमाच्या श्रोत्याकडे वळून दाढीवरून हात फिरवला.

"वेलिकाताई, पुढे या. स्तामेनभाऊ केव्हाचे ताटकळलेत."

वही उघडली. कोरी. मोठी झाली. मुंग्या. मिरच्यांचे हिशेब. आणि मग, पडद्याच्या मधोमध, एकही चूक नसलेल्या दोन ओळी.

'वेलिका, जा. ऑपरेशन करून घे. स्तामेन.'

आईनं हात तोंडावर नेला आणि ती रडू लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बायका तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. कोणीतरी म्हणालं, सुटली बिचारी. बंधूनं आकाशाकडे पाहिलं. हे कुठून आलं हे त्यालाही कळलं नव्हतं, आणि बहुधा त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतः थक्क झाला होता.

मला फक्त गप्प बसायचं होतं. अठ्ठावीस तारीख पंधरा दिवसांवर होती. मी गप्प बसले असते तर आई गेली असती. गिनाताईनं माझा दंड धरून ठेवला होता.

मी उठले.

"हे बाबांनी लिहिलेलं नाही, आई. मी लिहिलंय. परवा, गुरुवारी."

 आईनं मागे वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. बंधू म्हणाला, अविश्वासानं मृतांचा अपमान होतो.  मी लोकांना बरण्यांबद्दल विचारलं.

आमच्या गावात बरणी न भरलेला हात सापडणार नाही. मी म्हटलं, कारखान्याचं गोदाम आठवा. पाचशे बरण्या हव्यात म्हटलं की गोदामवाला वहीत लिहायचा, या पाचशे आजपासून गिनाच्या. तो धुऊन देत नसे. धुणं वेगळ्या खात्याचं काम. आता गिनानं आपलं काही भरायच्या आधीच झाकण उघडून नाक आत घातलं, तर कशाचा वास येईल? आदल्या मालकाच्या लोणच्याचा. त्या वासाला कोणी आत्मा म्हणतं का? बंधू एवढंच करतात. न धुतलेल्या पाचशे बरण्या आपल्या नावावर चढवतात आणि तुम्हाला वास घ्यायला बोलावतात. कधी गिनाचं सूप, कधी काकांची चुगली. तुमच्या माणसाचं त्यात काही असलंच, तर ते त्यानं जिवंतपणी, दुसऱ्या कामासाठी, दुसऱ्या दिवशी लिहिलेलं आहे.

"आणि द्राक्षांचं?" आईनं विचारलं.

"ते त्यांचं. खरंखुरं. पण तीन वर्षांपूर्वीचं, डॉक्टर घाई नाही म्हणाले होते तेव्हाचं. नंतर त्यांनी स्वतःच ते बदललं होतं. आणि द्राक्षं तेव्हापासून तीनदा उतरलीत, आई. तू त्यांचं ऐकलंयस. तीनदा."

मी तिन्ही प्रतींचा कागद तिला दिला. तिनं चष्मा लावून सावकाश वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. मग गिनाताईला म्हणाली, "तो धुण्याचा प्रोग्राम आहे का अजून त्यात?"

होता. पान्तालेयनं तो काढला नव्हता, कारण तो काय करतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

"सगळं जाईल, वेलिका," गिनाताई म्हणाली. "त्यांचंही."

"मला ठाऊक आहे बरण्या कशा धुतात ते. लाव."

शून्यं भरायला चाळीस मिनिटं लागली. सभागृहाच्या स्वयंपाकघरात गिनाताईनं कॉफी केली. चाळीस माणसांना पुरली, माणशी एकच कप, वाद कोणी घातला नाही. त्सोंचोकाकांनी घड्याळ काढून नेमकी वेळ मोजली आणि ती खरोखर चाळीस मिनिटं असल्याचं जाहीरपणे मान्य केलं, तीन वर्षं उशिरा. बंधूनं टोपली उचलून निघायचा बेत केला होता, पण तिच्यातल्या कोंबडीनं आवाज केला.

मग मी त्याला त्याचा चमत्कार पुन्हा करायला सांगितला. त्याच अकरा ओळी. त्यानं हात वर केले, सवयीनं. वही कोरी उघडली, मोठी झाली, आणि पाचशे पानं कोरीच राहिली. फक्त शेवटी एक टिंब. विधवेनं टिंबाचा अर्थ विचारला. बंधूला सुचला नाही.

घरी जाताना आई हळू चालते, दर वीस पावलांवर थांबते. पोस्टासमोर थांबून ती म्हणाली, "ते तुझं आहे हे मला वाचताक्षणीच कळलं होतं."

"कसं?"

"तुझ्या बापानं तीस वर्षांत मला वेलिका म्हटलं नाही. म्हातारे म्हणायचा, लग्नाच्या दिवसापासून. आणि जा, कर, असं कधी सांगितलं नाही. विचारायचा."

"मग रडलीस कशाला?"

तिनं पुन्हा चालायला सुरुवात केली.

"तू म्हणालीस म्हणून. सहा महिने तू मला डॉक्टरचे कागद दाखवते आहेस. आई, तू जा, मला भीती वाटते, असं एकदा तरी तोंडानं म्हणाली होतीस का? मेलेल्या बापाच्या नावानं लिहिलंस, तेव्हा कुठे मला कळलं."

मी तेव्हा म्हटलं. रस्त्यात, पोस्टासमोर, माझ्या नावानं.

तिनं होकार दिला, पण डॉक्टरला आधी तीन प्रश्न विचारीन म्हणाली, आणि ते लिहून घ्यायला लावले. तिन्ही चांगले प्रश्न होते. घरी आल्यावर तिनं सहा महिन्यांची मृत्युसूचना कपाटातून काढली आणि दारावर चिकटवली. एक महिना उशिरा, चारही कोपरे दाबून.

हे सगळं लिहिण्याचं कारण एवढंच की बंधू पान्तालेय आता शेजारच्या गावात गेला आहे, आणि ऐकते की त्यानं दुसरं जुनं मशीन मिळवलं आहे. तुमच्याकडे आला तर त्याच्याशी देवाधर्माचा वाद घालू नका. नवी, धुतलेली डिस्क लावायला सांगा आणि कॉफी ठेवा. आपल्या माणसाचा जुना शब्द सापडला तर जपा, पण त्याची तारीख विचारा. आजचा प्रश्न आजच्या डॉक्टरला विचारा. आणि जिवंत माणसाला काही सांगायचं असेल, तर ते त्याच्यासमोर उभं राहून सांगा.